भिंतीला पाठ झालेला माणूस

आवाज ही आमच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट. माझे वडील कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे आणि माइक पुढे केला की त्यांना अपमान वाटायचा. वाटणीत थोरल्या भावाकडे शेत गेलं, माझ्याकडे आवाज आला. मी आर्किटेक्ट झालो. साइटवर मी तळमजल्यावरून बोललो की सातव्या मजल्यावरचा गवंडी हातातली थापी खाली ठेवतो. अशा माणसाला, म्हणजे मला, रणधीर इंगवलेला, २०४४ साली सरकारनं शांततेच्या शिकवणीला बसवलं.

नियमच होता. आर्किटेक्टनं दर काही वर्षांनी नवं काही शिकल्याचं दाखवायचं, नाहीतर नोंदणी रद्द. आग, भूकंप, पाणी हे वर्ग मी मागच्या बाकावर बसून पार पाडले होते. 'इमारतीतील ध्वनी आणि गोंगाट नियंत्रण' तेवढा टाळत आलो होतो. आता टाळायला जागा उरली नव्हती, कारण कागलजवळच्या मुलींच्या शाळेचे नकाशे माझ्या टेबलावर तयार पडले होते. आयुष्यभर मी जे काही रेखाटलं त्यात मला मनापासून आवडलेलं हे एकच काम. वर्गात नापास झालो तर त्यावर माझी सही चालणार नव्हती आणि शाळा दुसऱ्याच्या हाती गेली असती. तो दुसरा कोण हेही मला माहीत होतं. तो वर्गांना गोल खिडक्या लावतो.

शिकवायला डॉ. निलोफर मुजावर होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या आणि बोलणं इतकं हळू, की वर्गातले आम्ही पन्नाशीपुढचे धटिंगण माना पुढे काढून ऐकायचो.

"गोंगाट म्हणजे मोठा आवाज नव्हे," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "गोंगाट म्हणजे नको असलेला आवाज. शेजारचा नळ थेंबथेंब गळत असेल तर तोही गोंगाटच."

"आणि नको हे ठरवायचं कुणी?" मी मागच्या बाकावरून विचारलं. पहिल्या बाकावरचे दोघे दचकले.

"ज्याला ऐकावं लागतं त्यानं," मॅडम म्हणाल्या, आणि का कोण जाणे, सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला.

भिंत जाड केली की आवाज थांबतो, हा आमच्या पिढीचा बाणा. मॅडमनी तो फळ्यावर मोडून दाखवला. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी आवाज कमी होतो अवघा सहा डेसिबल, आणि कानाला तो निम्माही झाल्यासारखा वाटत नाही. बरं, एवढी भिंत उभारून दाराखाली बोटभर फट राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. टाकी काय आणि आवाज काय, गळतात ते सगळ्यात कच्च्या जागेतून. मला हे नवीन होतं, पण मी आधीपासून माहीत असल्यासारखी मान हलवत राहिलो.

मग त्यांनी मौनलेप दाखवला. दिसायला साधा पांढरा गिलावा. त्यात मात्र डोळ्यांना न दिसणारे असंख्य पडदे, तबल्याच्या पुडीसारखे, प्रत्येकाला थोडीथोडी अक्कल दिलेली. आवाज म्हणजे हवेतली लाट. त्या लाटेच्या उंचवट्यावर दुसऱ्या लाटेचा खड्डा नेमका बसवला की दोन्ही सपाट होतात आणि कानाला काहीच ऐकू येत नाही. मौनलेप हे खोलीभर करायचा, बाहेरच्या आवाजाचं आणि आतल्याचंही. त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागत. कुठला आवाज नको आहे हे कळायला हवं. ते तो खोलीतल्या माणसांचा श्वास आणि नाडी दुरूनच जोखून ओळखायचा. ज्या आवाजाला माणूस आखडतो तो नको, ज्याला कान टवकारतो तो हवा. दुसरं म्हणजे आवाज पुढे कसा जाणार याचा अंदाज हवा, कारण उलटी लाट वेळेवर सोडायची तर तयारी आधी पाहिजे. ठरलेल्या चालीनं येणारा आवाज पुसणं त्याला फार सोपं जायचं. रडणं, किंकाळी, मदतीची हाक तेवढी तो कधीच अडवायचा नाही.

"प्रात्यक्षिक तुमच्या स्वतःच्या घरी," मॅडम म्हणाल्या. "एका खोलीला लेप लावा, त्याला शिकू द्या. शेवटी मी मोजायला येईन. रस्त्याचा गोंगाट आत येता कामा नये, ही पहिली अट. दुसरी म्हणजे शब्दपरीक्षा. तुम्ही खोलीच्या एका टोकाला उभं राहून मी आज देते त्या छापील यादीतले शब्द वाचायचे, घरच्या माणसानं दुसऱ्या टोकाला बसून ऐकू आलेले शब्द लिहायचे. खोली शांत झाली पण माणसाचं बोलणं माणसाला पोचत नसेल, तर खोली नापास. वाचायची संधी दोनदा मिळेल. मधे लेप पुसून नव्यानं शिकवायचा नाही."

शब्दपरीक्षेचं ऐकून मी मनातल्या मनात गुलाल उधळला. बोलणं पोचवायचं, आणि तेही मी?

घर आमचं राजारामपुरीत, ऐन वर्दळीच्या कोपऱ्यावर, अर्थात मीच बांधलेलं. विजेच्या रिक्षांना आवाज नाही म्हणून कायद्यानं त्यांना भोंगे बसवले आहेत, आणि आमच्या गावच्या रिक्षावाल्यांनी त्या भोंग्यांना एकाहून एक मर्दानी चाली लावल्या आहेत. समोर गॅरेज. मी हॉलला लेप लावून घेतला आणि काही दिवसांत भोंगे गेले, गॅरेजची ठोकाठोकी गेली, वरातीतली हलगीसुद्धा खिडकीबाहेर मुक्यानं वाजून पुढे गेली.

माझी बायको कुमुद मिरजेची. तिच्या माहेरी सतारी तयार होतात, त्यामुळे कान तयार. ती हॉलमध्ये पाय पसरून बसली आणि म्हणाली, "किती वर्षांनी डोकं हलकं वाटाय लागलंय."

"अगं, मी सांगत होतो ना," मी म्हणालो, आणि मौनलेपाची सगळी माहिती तिला दिली. ती मधे एका शब्दानं बोलली नाही. कौतुकानं गप्प झाली असेल असं मला वाटलं.

शब्दपरीक्षेचा सराव मी त्याच दिवशी सुरू केला. रोज सकाळी हॉलच्या कोपऱ्यात छाती काढून उभा राहायचो आणि वाचायचो: विहीर, ताक, पायरी, गाढव. कुमुद समोर वर्तमानपत्र वाचत असायची. तिची पापणी हलायची नाही. मला वाटलं, एकाग्रता आहे.

मग एकदा मी सोफ्यावरून चहा मागितला. उत्तर नाही. पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा वडिलांचं स्मरण करून मागितला. कुमुदनं सहज वर बघितलं.

"काय वो, नुसतं तोंड हलवताय? दाढ दुखतीय काय?"

मी चिडून स्वयंपाकघरात गेलो. "चहा मागतोय कवाधरनं!"

"अहो, वरडताय कशाला? भांडी पडतील."

स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. गच्चीत येत होतं. हॉलमध्ये पाऊल टाकलं की मी मुका. बरं, तिच्या बहिणीचा फोनवरचा आवाज त्याच हॉलमध्ये घंटेसारखा खणखणीत. लेपात बिघाड आहे, हे उघड होतं. नेमका कुठे ते शोधायला मी एक शास्त्रीय प्रयोग केला. मदतीची हाक अडत नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या ना? मी हॉलच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "वाचवा!"

ती हाक पोचली. कुमुद पिठाच्या हातानं धावत आली, मागोमाग शेजारचे दोघे आले, गॅरेजमधला एकजण जॅक घेऊन आला. मी त्यांना प्रयोगाचं महत्त्व समजावून सांगितलं, पण हॉलमध्ये उभा होतो. गॅरेजवाला बिचारा माझ्या हलत्या ओठांकडे बघून म्हणाला, "वहिनी, वारं गेलंय वाटतं तोंडावरनं." कुमुद त्या दिवशी माझ्याशी स्वयंपाकघरातही बोलली नाही.

मुजावर मॅडमना बोलावलं. त्यांनी भिंतीला यंत्र लावलं, बराच वेळ बघितलं, आणि मला गच्चीत चलायला सांगितलं.

"सर, लेप उत्तम काम करतोय."

"मग माझा आवाज?"

"तेच म्हणतेय मी." त्या जमिनीकडे बघत होत्या. "हॉलमध्ये जास्त वेळ वहिनी बसतात. त्यांच्या शरीरावरून लेपानं तुमचा आवाज नको असलेल्या आवाजांच्या यादीत, गॅरेजच्या शेजारी टाकलाय."

"गॅरेजच्या खाली की वर?"

"थोडा वर. शिवाय तुमचं पुढचं वाक्य त्याला आधीच कळतं, सर. 'मी सांगतो ना' आलं की पाठोपाठ 'तुला त्यातलं कळत नाही' येतं. एवढा अंदाज बांधता येणारा आवाज मी पंख्याखेरीज पाहिला नाही."

मी गच्चीचा कठडा धरला. परीक्षा तोंडावर आली होती.

"हातभर अंतरावरून बोललात तर पोचेल," त्या समजुतीनं म्हणाल्या. "तेवढ्या जवळच्या आवाजाला गाठायला लेपाला वेळ मिळत नाही. पण परीक्षा खोलीच्या दोन टोकांची आहे."

तरी मी जवळ जाऊन बघितलं. कुमुद दचकली. "लग्नात अंतरपाट काढल्यावर सुद्धा एवढ्या जवळ उभारला न्हवतासा," ती म्हणाली.

माझ्याच वर्गात इचलकरंजीचा रंगराव चौगुले होता. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला, शांततेत त्याला झोप लागत नाही. मी त्याला फोन केला.

"दोस्ता, लेप झकास हाय," तो म्हणाला. "आमच्यात सासूबाईंचा आवाज गेला. मी पेढे वाटणार होतो, पर बायकोला कळलं. तू असं कर, वहिनींची स्तुती कर. गोड आवाज कोन अडवंल?"

मी साडीची स्तुती केली. भाजीची केली. त्यांच्या मिरजेची सुद्धा केली, कोल्हापूरकर असून. हॉलमध्ये त्यातलं अक्षरही पोचलं नाही. शब्द काय होते याच्याशी लेपाला देणंघेणं नव्हतं. माझा आवाज सुरू झाला की कुमुदचं शरीर काय करतं एवढंच तो बघत होता. शेवटी मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. ती भाकरी थापत होती.

"तुला माझं बोलणं नको असतं?" मी विचारलं.

"मी काय त्या भिंतीला शिकवाय गेले न्हवते."

"ते ठावं हाय. पर नको असतं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "बोलणं नको कोण म्हणतंय? बोलणं असतंय कुटं पण? सांगणं असतंय. इतक्या वर्षांत तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीसा, चहा टाकतीस का. त्याचं पण उत्तर ऐकाय थांबत न्हाई."

मला राग आला. मग वाईट वाटलं, आणि ते रागापेक्षा जास्त वेळ टिकलं. मी काहीतरी उत्तर देणार होतो, पण त्याची सुरुवात 'मी सांगतो ना' अशी होती, हे माझं मलाच ऐकू आलं. मी हॉलमध्ये जाऊन बसलो. तिथं बोलून उपयोगच नव्हता, म्हणून गप्प बसलो.

दोन-तीन दिवस असाच बसलो. एका दुपारी कुमुदनं कपाटावरून सतार काढली. ती लग्नात आली होती. मी घरी असताना ती कधी वाजली नव्हती, कारण वाजली की मी सूचना करतो. तिनं तारा जुळवल्या, थोडं वाजवलं, थांबली आणि आपणहून बोलायला लागली. समोरचा माणूस मधे तोंड घालू शकत नाही याची तिला खात्री होती. ती गुडघ्याबद्दल बोलली. शेजारच्या पोरींना सतार शिकवावी असं मनात आहे, त्याबद्दल बोलली. मग ओट्यावरच्या कपाटाबद्दल.

"त्याचं दार उघडलं की माझ्या कपाळावर येतंय. घर बांधलं त्या वर्षीच सांगितलं. तर तुम्ही मला बायकांच्या सरासरी उंचीचा तक्ता दाखवलासा. म्हणजे चूक माझ्या उंचीची. तवापास्नं मी वाकून उघडते. परवा बहिणीकडं गेले, तिथं ओट्यावर कपाटच न्हाई. तरी वाकले! ती म्हणाली, ताई, नमस्कार कुणाला?"

मला हसू फुटलं, अगदी पोटातून. आणि कुमुदनं चमकून वर बघितलं.

"ऐकू आलं," ती म्हणाली.

आम्ही दोघंही भिंतीकडे बघायला लागलो. हसणं तिला नको नव्हतं, आणि भिंतीला ते अपेक्षितही नव्हतं. मी घाबरत घाबरत तोंड उघडलं. सांगण्यासारखं काहीच सुचेना, म्हणून म्हणालो, "मग?"

"मग काय? तिला म्हटलं, तुझ्या दाजींना नमस्कार."

दुसऱ्या दिवशी मी सुतार बोलावून कपाट वर सरकवून घेतलं. मूळ नकाशातली जागा बरोबरच होती असं मला अजून वाटतं. पण ते मी सुताराला सांगितलं, कुमुदला नाही.

परीक्षेच्या दिवशी मुजावर मॅडम यंत्र घेऊन आल्या. बाहेर रिक्षांची रांग लागली होती, आत सुईसुद्धा वाजत नव्हती. पहिली अट पार पडली. कुमुद कागद-पेन्सिल घेऊन पलीकडच्या टोकाला बसली. मी कोपऱ्यात छाती काढून उभा राहिलो आणि वाचायला लागलो.

पेन्सिल हलली नाही. कुमुद माझ्याकडे दयेनं बघत होती. वाचन संपलं तेव्हा कागद कोरा होता. मॅडम चालत माझ्या अगदी जवळ आल्या, मी काही बोललो तर त्यांना ऐकू यावं म्हणून.

"सर, लेपाला हे शब्द ओळीनं पाठ आहेत. तुम्ही या खोलीत सराव केलात का?"

"रोज."

"मोठ्यानं?"

"मला हळू येत न्हाई."

"भिंतीला कान असतात हे आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हणतात, सर," त्या म्हणाल्या. "एक वाचन राहिलंय."

मी घाबरलो, हे लपवण्यात अर्थ नाही. डोळ्यांसमोर गोल खिडक्यांची शाळा दिसायला लागली. पुन्हा छाती काढून तेच वाचलं तर भिंत पुन्हा ते पुसणार होती. मी कुमुदकडे बघितलं. तिच्या कपाळावर कपाटाच्या दाराची जुनी खूण आहे. इतकी वर्षं मला ती टिकली लावायची जागा वाटत होती. माझी छाती आपोआप खाली आली आणि मी तिला विचारलं, "विहीर?"

पेन्सिल हलली.

"ताक?"

"दुपारचं हाय," ती लिहितालिहिता म्हणाली.

"पायरी?"

"दुसरी हलतीय. बसवून घ्या."

"गाढव?"

तिनं वर बघितलं, खुदकन हसली आणि लिहिलं. असं करत आम्ही शेवटपर्यंत गेलो. 'शिस्त' हा शब्द तेवढा पोचला नाही. तो मला विचारता येईना, तोंडातून सांगितल्यासारखाच निघाला.

मॅडमनी कागद तपासला. तोंड भरून हसतील असं वाटलं, पण त्या गंभीर होत्या.

"नियमात आहे की वाचणाऱ्यानं आपल्या नेहमीच्या बोलण्यासारखंच वाचायचं. तुम्ही प्रश्न विचारल्यासारखं वाचलंत. वहिनी, तुम्ही सांगा. सर घरी असंच बोलतात?"

माझी नोंदणी, शाळा, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबलं. तिच्या वतीनं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कुमुदनं सावकाश विचार केला. ती खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्याचीच भीती होती.

"आधी न्हाई," ती म्हणाली. "आता बोलाय लागल्यात. अजून शिकाऊ हायेत."

"शिकाऊ चालतील. शिकवणीच आहे ही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मला पास केलं. जाताना त्यांनी विचारलं, लेप ठेवायचा की खरवडून काढायचा? मी कुमुदकडे वळलो. "काय करूया?"

"राहू दे," ती म्हणाली. "जुनं खोड हाय. परत सुरू झालं तर कळाय पायजे."

मॅडम गेल्या. माझा आनंद पोटात मावत नव्हता. मी शाळेचे नकाशे टेबलावर पसरले, सहीसाठी पेन काढलं, आणि नेमकं काय घडलं ते कुमुदला समजावून द्यायला लागलो. प्रश्नाच्या शेवटी स्वर वर कसा चढतो, त्यामुळे लेपाचा अंदाज कसा चुकतो, आणि हे माझ्या कसं वेळेवर लक्षात आलं. मी फार छान बोललो, हातवारे करून. कुमुद सतारीची खुंटी पिळत मन लावून तार जुळवत होती. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की तिला यातलं काहीच ऐकू आलेलं नाही.

मी गप्प झालो. पेन हातात घेऊनच तिच्यासमोर जाऊन बसलो.

"मग?" मी म्हणालो.

तिनं खुंटी सोडली आणि टेबलावरच्या नकाशांकडे बघितलं. "त्या शाळेत पाण्याचे नळ किती उंचीवर काढलायसा? पाचवीतल्या पोरींचा हात पोचतोय?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं, तक्त्यासकट. मी पेन खिशात ठेवलं आणि नकाशे तिच्यापुढे आणून मांडले.